आवाजी मतात नाव कुठे?

वाचकहो, पिंपरी-चिंचवडला लागून देहूरोडला सरकारी दारूगोळा कारखाना आहे. तुमच्या भावकीतलाही कोणी तिथे कामाला असेल. अशा कारखान्यांतील संपावर बंदी घालणारे विधेयक ३ ऑगस्ट २०२१ रोजी लोकसभेत आणि ५ ऑगस्टला राज्यसभेत, गोंधळातच, आवाजी मताने मंजूर झाले. संप केल्यास वर्षापर्यंत कैद! कायद्याची मुदत वर्षाचीच होती; पण एक प्रश्न उरला. ग्रामसभेत हात वर केला की सारा गाव पाहतो. आवाजी मतात ‘होय’ कोण, ‘नाही’ कोण, याची नावानिशी नोंद राहत नाही; ती मतविभाजनात राहते. म्हणून मते मागायला दारी आलेल्या उमेदवाराला चहा जरूर द्या, आणि विचारा: ‘अशा वेळी मतविभाजन मागाल ना?’