न पाठवलेला नववा आकडा

संगणकाचा मोठा प्रोग्रॅम म्हणजे लहानलहान फंक्शन्सचा मेळा असतो. एक फंक्शन दुसऱ्याला काम सांगते तेव्हा सोबत काही माहितीही द्यावी लागते. ती कोठे ठेवायची, कोणत्या क्रमाने ठेवायची आणि काम संपल्यावर आवराआवर कोणी करायची, याचे संकेत ठरलेले असतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते सहसा दिसत नाहीत. मजकुराचे यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करणारा कंपायलर ते परस्पर पाळतो. मात्र काम सांगणारे फंक्शन एका भाषेत आणि करणारे दुसऱ्या भाषेत असेल, तर संकेत जुळतात का हे पाहणारा बहुधा कोणी नसतो.

लॅपॅक हा फोरट्रान भाषेतील फंक्शन्सचा संग्रह १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकसामयिक समीकरणे सोडवण्यासाठी सी भाषेतील प्रोग्रॅमही त्यालाच काम सांगतात. संख्याशास्त्रात वापरली जाणारी 'आर' ही प्रणाली त्यांपैकीच एक. लॅपॅकच्या अनेक फंक्शन्सना पहिली माहिती म्हणून एक अक्षर द्यावे लागते. मॅट्रिक्सचा वरचा त्रिकोण वापरायचा असेल तर 'यू', खालचा असेल तर 'एल'. फोरट्रानमध्ये मजकूर कितीही लांब असू शकतो, म्हणून कंपायलर त्याची लांबी सर्वांत शेवटी गुपचूप जोडतो. सीमध्ये लिहिणाऱ्याला ही लांबी स्वतः द्यावी लागते. पण ती नेहमी एकच असते आणि लॅपॅक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, मग पाठवायची कशाला? अनेकांनी ती गाळली आणि वर्षानुवर्षे काही बिघडले नाही.

२०१९ मध्ये नव्या जीएनयू फोरट्रान कंपायलरबरोबर आरमधली काही कामे कोसळू लागली.

काय घडत होते, हे डीपीओएसव्ही या फंक्शनवरून समजते. त्याला उघडपणे आठ गोष्टी द्यायच्या असतात आणि नववी ती छुपी लांबी. ६४ बिटांच्या नेहमीच्या प्रोसेसरवर, लिनक्समध्ये, पहिल्या सहा गोष्टी प्रोसेसरच्या रजिस्टरांत जातात. उरलेल्या स्टॅकवर, म्हणजे स्मृतीतल्या अशा पट्ट्यात जातात जिथे प्रत्येक फंक्शनची जागा त्याला काम सांगणाऱ्याच्या जागेला चिकटून असते. सातवी, आठवी आणि नववी अशी तीन घरे तिथे हवीत. सीमधल्या फंक्शनने दोनच भरली. तिसऱ्या घरात त्याचे स्वतःचेच काहीतरी सामान होते.

डीपीओएसव्हीचे शेवटचे काम म्हणजे डीपीओटीआरएस या फंक्शनला बोलावणे, तेही त्याच आठ गोष्टी आणि लांबी देऊन. नवा कंपायलर इथे काटकसर करतो. शेवटचेच काम असल्यामुळे नवी घरे न मांडता तो आपल्याला मिळालेली घरेच पुन्हा वापरतो आणि नवव्या घरात १ लिहितो. संकेताप्रमाणे ते घर त्याचेच! पण प्रत्यक्षात सी फंक्शनच्या सामानावर १ उमटला.

समीकरणांचे उत्तर बरोबर येते. प्रोग्रॅम कोसळतो तो नंतर, ते बिघडलेले सामान वापरात येते तेव्हा, आणि तोवर लॅपॅकचे काम आटोपून गेलेले असते. शोध घ्यायला मध्येच छपाईची एक ओळ घातली, तर स्टॅकवरची मांडणी बदलून दोष नाहीसाही होऊ शकतो. काटकसर बंद केली की तर हमखास नाहीसा होतो आणि संशय कंपायलरवर जातो. अशा वेळी डीबगरला स्मृतीचा नेमका पत्ता देऊन 'इथला आकडा बदलताच थांब' असे सांगणे आणि यंत्राच्या आज्ञा एकेक करून वाचणे, हाच खात्रीचा मार्ग.

माझ्या मते कंपायलरचे यात काहीच चुकले नव्हते. तरीही जगभरचे जुने प्रोग्रॅम कोसळू नयेत म्हणून जीएनयू फोरट्रानने अशा फंक्शन्सपुरती ही काटकसर थांबवण्याची सोय केली. आरमध्येही लांबी रीतसर पाठवण्याची व्यवस्था झाली. सीशी बोलण्याचा संकेत कंपायलरला उघडपणे सांगता येईल अशी तरतूद फोरट्रानच्या २००३ च्या प्रमाणात आहे. लॅपॅकचा जन्म मात्र तिच्या अकरा वर्षे आधीचा.