शिकारी प्रशिक्षण व परवाना

नव्याने शिकार करू इच्छिणाऱ्या व्यक्तीस बंदुकीचा सुरक्षित वापर, प्राण्यांची ओळख व शिकारविषयक कायदे यांचे शिक्षण देऊन, त्यात ती उत्तीर्ण झाल्यावरच शिकारीचा परवाना देण्याची पद्धत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वन्य प्राणी ही सार्वजनिक संपत्ती मानली जाते, तर जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी निगडित आहे. त्यामुळे दोन्ही देशांत ही पद्धत वेगवेगळ्या मार्गांनी विकसित झाली.

अमेरिकेत परवाना जुनाच. परंतु मूलतः तो शुल्क भरून मिळणारा होता व त्यात अर्जदाराच्या पात्रतेची कसोटी नव्हती. १९४९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने अल्पवयीन शिकाऱ्यांना सुरक्षा-प्रशिक्षण सक्तीचे केले व पुढे इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य जीवांच्या संवर्धनाकडे वळविणारा पिटमन-रॉबर्टसन अधिनियम १९३७ चा आहे. १९७० च्या दुरुस्तीने पिस्तुलांवरील कराचा काही भाग प्रशिक्षणासाठी खर्च करण्याची मुभा मिळाली. जुन्या शिकाऱ्यांना पुन्हा वर्गात बसविणे अवघड, म्हणून अनेक राज्यांनी जन्मतारखेची मर्यादा घातली. उदा., कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर, तर टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांनाच प्रमाणपत्र आवश्यक असते.

अभ्यासक्रमाचा गाभा साधा आहे : प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजावे, नळीचे तोंड सदैव सुरक्षित दिशेस ठेवावे, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये, लक्ष्य व त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री करून घ्यावी. शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा म्हटला पाहिजे, कारण पॉइंट टू-टू रायफलीची लहानशी गोळीही दीड किमी.पेक्षा दूर जाऊ शकते. १९८८ मध्ये मेन राज्यात स्वतःच्या घरामागील अंगणात उभी असलेली एक स्त्री हरणाच्या शिकाऱ्याच्या गोळीने मृत्यू पावली. तिच्या हातांत पांढरे हातमोजे होते. खटल्यात शिकारी निर्दोष सुटला. मात्र त्यानंतर त्या राज्याने लक्ष्याची निश्चित ओळख पटविणे शिकाऱ्यावर कायद्याने बंधनकारक केले.

अनेक जण रांगेत चालून पक्ष्यांची शिकार करतात, तेव्हा प्रत्येकाचे गोळीबाराचे क्षेत्र आधीच ठरवून घ्यावे लागते. २००६ मध्ये तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी यांनी टेक्ससमध्ये लावे टिपताना वळून झाडलेले छर्रे सोबत्यासच लागले. चेनी यांचा जन्म १९४१ चा. म्हणजे प्रशिक्षणाची सक्ती त्यांना लागू नव्हती. काडतुसांची सरमिसळ हा आणखी एक धोका. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते आणि मागून बारा बोअरचे काडतूस उडविल्यास नळी फुटते. याच कारणाने वीस बोअरच्या काडतुसांना पिवळे कवच देण्याचा प्रघात आहे. भडक नारिंगी पोशाखाचा नियमही सुरक्षेसाठीच आहे : हा रंग माणसास दुरून दिसतो, हरणाच्या डोळ्यांना मात्र तो तितका वेगळा भासत नाही.

जर्मनीतील परीक्षा याहून बरीच कठीण असते. लेखी, तोंडी-व्यावहारिक व नेमबाजी असे तिचे भाग असून नेमबाजीतील उणीव इतर विषयांतील गुणांनी भरून निघत नाही. तीत प्राणिरोग, मांसाची आरोग्यदृष्ट्या हाताळणी, शिकारी कुत्री व वनशास्त्र हे विषयही येतात. ‘हिरवी शालान्त परीक्षा’ असे तिला गमतीने म्हणतात. उत्तीर्ण व्यक्तीस परवाना मिळविताना दायित्व-विमाही दाखवावा लागतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात मोठ्या, लहान व विशेष शिकारीसाठी वेगवेगळे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते रद्द होऊन छंदाची शिकार संपुष्टात आली. आता मनुष्याच्या जीवितास वा पिकांस धोका असल्यास, तसेच शिक्षण, संशोधन यांसारख्या मर्यादित प्रयोजनांसाठी अनुज्ञा मिळते. त्यामुळे येथे प्रश्न नव्या हौशी शिकाऱ्याचा नसून, शासनाच्या आदेशावरून बंदूक उचलणाऱ्याच्या पात्रतेचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात टी-१ (अवनी) ही वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये खासगी नेमबाजाच्या गोळीने मारली गेली, तेव्हा तिला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नियमानुसार झाला की नाही, यावर मोठा वाद उद्‌भवला होता.