टोकाचा पांढरा तांबूस का पडतो?

श्रावण सरत आला की पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लोहार चाळीत लायटिंगच्या दुकानांपुढे उभं राहायला जागा मिळत नाही. मंडळांच्या कमानींवर धावणारी, फिरणारी, रंग बदलणारी पिक्सेल रोषणाई आता घरच्या मखराच्या महिरपीवर आणि गॅलरीच्या कठड्यावरही हवी असते. पट्टी येते, कंट्रोलर येतो, मोबाइलवर ॲप उतरवलं जातं. रंग धावू लागतात, मुलं खूश. मग कुणीतरी सगळे दिवे एकदम पांढरे करून बघतं आणि घोळ उघडा पडतो. सुरुवातीचे हातभर दिवे शुभ्र, मधले पिवळट आणि शेवटचे चक्क तांबूस. माल डुप्लिकेट निघाला म्हणून माणूस पट्टी घेऊन दुकानात भांडायला जातो. बहुतेक वेळा माल ठीक असतो. गडबड असते ती तारेची.

पिक्सेल म्हणजे काय ते आधी पाहू. डब्ल्यूएस २८१२ बी या सर्वांत परिचित प्रकारात जेमतेम ५ मिलिमीटरच्या चौकोनात लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी आणि त्यांना हुकूम देणारी एक चिप बसवलेली असते. प्रत्येक रंग पूर्ण तेजाने पेटला की साधारण २० मिलिअँपिअर प्रवाह खातो. तिन्ही मिळून पांढरा, म्हणजे ६० मिलिअँपिअर. नव्या आवृत्त्या थोडं कमी घेतात, पण हिशेब ६०चाच धरावा. आकडा किरकोळ वाटतो. मीटरला ६० दिवे असलेल्या ५ मीटर पट्टीत मात्र ३०० दिवे असतात आणि त्यांची बेरीज १८ अँपिअर होते. घरातला गिझरचा जाड सॉकेट १६ अँपिअरचा असतो, हे लक्षात घ्या.

शक्तीच्या दृष्टीने हे फार नाही: ५ व्होल्ट गुणिले १८ अँपिअर म्हणजे ९० वॅट, एका पंख्याच्या आसपास. पंख्याला ही शक्ती २३० व्होल्टच्या दाबाने मिळते, म्हणून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाहात त्याचं काम भागतं. इथे दाब अवघा ५ व्होल्ट, म्हणून तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाहाचा लोंढा लागतो. आणि तारेत किती वीज वाया जाणार हे ठरतं प्रवाहावर. गेऑर्ग ओमने १८२७ साली मांडलेला नियम इथे जसाच्या तसा लागू होतो: तारेत हरवणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले तारेचा रोध.

एक स्क्वेअर एमएम जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१८ ओहम. एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा तो जाळीदार पत्र्याचा डबा, मखरापासून ३ मीटरवर ठेवला, तर वीज ३ मीटर जाते आणि ३ मीटर परत येते. परतीचा प्रवास हिशेबात धरायचं हटकून राहून जातं. ६ मीटरचा रोध ०.१०८ ओहम, त्याला १८ अँपिअरने गुणलं की उत्तर येतं १.९ व्होल्ट. पाचातले जवळजवळ दोन व्होल्ट पट्टीला स्पर्श व्हायच्या आधीच संपले! तारेत ३५ वॅटची उष्णता झाली ती वेगळी. अडीचची वायर घेतली तर हीच घट पाऊण व्होल्टवर येते. प्रत्यक्षात दाब पडला की दिवे प्रवाहही कमी ओढतात, त्यामुळे १८ अँपिअर कधी वाहतच नाहीत. पण मग पूर्ण तेजही मिळत नाही.

पट्टीच्या आतली अवस्था तर आणखी बिकट. तिथे वीज वाहते ती तार म्हणजे ३५ किंवा ७० मायक्रॉन जाडीचा तांब्याचा पत्रा, माणसाच्या केसाइतका. तोच पाच मीटर पसरलेला. दर दिव्यागणिक दाब थोडा थोडा गळत जातो.

दाब कमी झाला तर दिवे मंद व्हावेत; पण ते रंग का बदलतात? याचं उत्तर एलईडीच्या पोटात आहे. एलईडीतून निघणाऱ्या प्रकाशाच्या प्रत्येक कणाला त्याच्या रंगानुसार ठरावीक ऊर्जा लागते. लाल प्रकाशाच्या कणाची ऊर्जा २ इलेक्ट्रॉन व्होल्ट, निळ्याची सुमारे २.६. म्हणून लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास सुखाने पेटतो, निळा आणि हिरवा ३ किंवा त्याहून थोडे अधिक व्होल्ट मागतात. त्यावर चिपला स्वतःसाठी थोडा दाब लागतो. टोकाला साडेतीन व्होल्टच पोचले की निळा उपाशी राहतो, हिरवा कुरकुरतो आणि लाल मात्र ठणठणीत असतो. पांढऱ्यातून निळा वजा झाला की पिवळा उरतो, हिरवाही ढेपाळला की तांबूस. पट्टीवरचा हा रंगबदल म्हणजे उघड्या डोळ्यांनी वाचता येणारा व्होल्टमीटरच आहे. निळा एलईडी बनवतानाही असाच हट्टी ठरला. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली दाखवला. उजळ निळ्यासाठी १९९०चं दशक उजाडावं लागलं आणि त्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता उपाय. खेड्यातल्या वाचकाला हे दुखणं नवं नाही. ट्रान्स्फॉर्मरजवळच्या विहिरीवरची मोटर फिरते आणि लाइनच्या टोकाच्या शेतातली नुसती गुरगुरते. पट्टीचा शेवटचा दिवा हा त्या टोकाचा शेतकरी. त्याला न्याय द्यायचा तर लाइन मधेच नवीन ठिकाणाहून भरली पाहिजे. पिक्सेलवाले याला पॉवर इंजेक्शन म्हणतात. सप्लायपासून एक जाड वेगळी तार काढायची आणि ती पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, मध्यावर, गरज पडेल तिथे नेऊन जोडायची.

याचा फायदा किती होतो, हे गणित मोठं गोड आहे. एकाच टोकाने पुरवठा केला तर शेवटपर्यंत जो दाब पडतो, तो दोन्ही टोकांनी पुरवठा केल्यावर निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. कारण पल्लाही अर्धा झाला आणि त्या पल्ल्यात वाहणारा प्रवाहही अर्धा झाला. मध्यावर आणखी एक जोड दिला की सोळावा हिस्सा. शंभर-दीडशे रुपयांच्या जादा वायरने एवढं काम होत असताना लोक दुसरा मोठा एसएमपीएस विकत आणतात, याचं मला नवल वाटतं. सप्लाय मोठा केल्याने तार जाड होत नाही.

वाटेत जागोजागी वीज भरण्याचा हा शोध पिक्सेलवाल्यांचा नव्हे, थॉमस एडिसनचा. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झालं, ते सुमारे ११० व्होल्टच्या डीसी विजेवर. रस्त्याभर एकच तार टाकत नेली असती तर केंद्राजवळची घरं लखलखली असती आणि दूरची काळवंडली असती. सगळीकडे जाड तांबं पुरायचं तर दिवाळं निघालं असतं. एडिसनने केंद्रातून स्वतंत्र फीडर काढले आणि ते रस्त्यावरच्या मुख्य तारांना जागोजागी नेऊन जोडले. आज आपण मखरामागे लपवतो ती जादा तार म्हणजे एडिसनचा फीडर.

दुसरा उपाय म्हणजे दाबच वाढवणं. ५ ऐवजी १२ व्होल्टची पट्टी घेतली की काम झालं, असं दुकानदार सांगतात. हे अर्धसत्य आहे. १२ व्होल्टच्या अनेक पट्ट्यांत तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडून त्यांना एकच चिप दिलेली असते. त्यात प्रवाह खरोखर कमी होतो आणि आपल्या ९० वॅटला १८ ऐवजी साडेसात अँपिअर पुरतात. पण तीन दिवे मिळून एकच पिक्सेल होतो. धावणारा ठिपका बोटभर लांब दिसतो. याउलट मंडपवाले वापरतात त्या गोळ्यांच्या माळा, ५० दिव्यांच्या, बारा मिलिमीटर भोकात बसणाऱ्या, १२ व्होल्टच्या घेतल्या तरी प्रत्येक दिव्याला ५ व्होल्टइतकाच प्रवाह लागतो. साधारण ५५ मिलिअँपिअर धरले तर माळेला पावणेतीन अँपिअर होतात, दोन्ही व्होल्टेजना तेवढेच. उरलेला दाब आत रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातो. म्हणजे १४ वॅटच्या जागी ३३ वॅट. मग १२ व्होल्टची माळ घ्यावी कशाला? कारण टोकाला नऊ व्होल्ट पोचले तरी निळा उपाशी राहत नाही. लांब कठड्यासाठी हा उधळेपणा परवडतो. मखराच्या दाट महिरपीला ५ व्होल्टची पट्टी आणि नीट जोडलेले फीडर हेच बरं.

तिसरा उपाय फुकटचा आहे आणि म्हणूनच कदाचित कुणी वापरत नाही. हजार स्क्वेअर फुटांच्या घरात ३०० पिक्सेल पूर्ण तेजाने पांढरे पेटवले तर आरतीला डोळे मिटूनच उभं राहावं लागेल. डोळ्याला अर्धा प्रकाश अर्धा वाटतच नाही, तो त्याहून बराच उजळ भासतो. तेज तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवलं तर शोभा तीच राहते आणि तारेवरचा भार एक तृतीयांशावर येतो. डब्ल्यूएलईडीसारख्या मोफत प्रणालीत एकूण प्रवाहाची मर्यादाच घालून देता येते. कुणी पांढरं बटण दाबलं तरी कंट्रोलर ती ओलांडू देत नाही. विजेच्या बिलाची धास्ती तर नकोच. सरासरी ३० वॅट, रोज सहा तास, दहा दिवस, म्हणजे दोन युनिटसुद्धा होत नाहीत.

बिल नगण्य, व्होल्टेज हाताला न लागणारं, मग धोका कुठे आहे? आगीत. ५ व्होल्टचा ६० अँपिअरचा एसएमपीएस बाजारात सहज मिळतो. त्याला अर्धा स्क्वेअर एमएमची बारीक तार पाच मीटर जोडली आणि टोकाला उंदराने कुरतडून शॉर्ट केलं, तर काय होईल? तारेचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.३६ ओहम. प्रवाह वाहील १४ अँपिअर. साठाची ताकद असलेल्या सप्लायला हा शॉर्ट आहे असं वाटणारही नाही. तो इमानाने पुरवत राहील. भिंतीवरच्या एमसीबीला दिसेल ते जेमतेम ७० वॅटचं, तृतीयांश अँपिअरचं ओझं. ती कशाला पडेल? तीन-चार अँपिअरसाठी बनवलेली तार मात्र कापडाच्या पडद्याआड तापत जाईल. २०१८ सालच्या बंदीनंतर थर्मोकोलची जागा पुठ्ठा, कागद, कापड आणि बांबूने घेतली. पर्यावरणासाठी हे उत्तमच झालं, पण हे सगळं पेटणारं आहे. म्हणून सप्लायमधून निघणाऱ्या प्रत्येक फीडरवर, अगदी सप्लायला लागून, मोटारीत असतो तसा ब्लेड फ्यूज हवाच, आणि त्याचा आकडा त्या तारेच्या क्षमतेपेक्षा कमी. पन्नास रुपयांची ही वस्तू बहुतेक घरगुती सजावटींत नसते. मला विचाराल तर फ्यूज नसलेली रोषणाई लावूच नये.

दोन सप्लाय वापरायचे झाले तर त्यांच्या धन तारा एकमेकींना जोडू नयेत. पट्टीची धन बाजू मधे तोडून प्रत्येक भाग आपापल्या सप्लायला द्यावा. ऋण, म्हणजे ग्राउंड, मात्र सगळ्यांचं आणि कंट्रोलरचंही एकत्रच हवं. डेटाची तार आठ लाख बिट दर सेकंदाला या वेगाने बोलते, आणि तिचा ‘शून्य’ किंवा ‘एक’ ठरतो तो ग्राउंडशी तुलना करून. ग्राउंड डळमळलं की दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि दोष बिचाऱ्या कंट्रोलरवर येतो.

भाद्रपदात पाऊस असतो, हे गॅलरीवाल्यांनी विसरू नये. पाण्याचं विघटन व्हायला सव्वा व्होल्टही पुरतो, इथे पाच किंवा बारा आहेत. उघड्या सांध्यात थेंब शिरला की धन बाजूचं तांबं विरघळायला लागतं, हिरवट भुकटी होते आणि चार दिवसांत सांधा तुटतो. आयपी ६७ (पाण्यापासून बचावाची खूण) लिहिलेली पट्टीसुद्धा कापून जोडली की त्या जोडापाशी आयपी शून्य होते. तिथे सिलिकॉन भरावं लागतं. एसएमपीएस घराच्या आत, हवेशीर, मुलांच्या हाताबाहेर. त्याच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट उघडे असतात, त्यामुळे ती बाजू वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंगची तार जोडायला लावा आणि ते सर्किट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर, आहे ना ते विचारा. काही डब्यांच्या कुशीत ११०–२२० असं बारीक खटकं असतं. ते ११०वर राहिलं आणि प्लग लावला, तर डबा एका आवाजात संपतो.

सप्लायवर कोरलेल्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच भार टाका. गणपती बसायच्या दोन-तीन दिवस आधी सगळी रचना जोडून, मर्यादेत बसेल तेवढ्या तेजाने, पूर्ण पांढऱ्यावर अर्धा तास चालू ठेवा. मग शेवटच्या दिव्यापाशी मल्टीमीटर लावा. ५ व्होल्टच्या पट्टीला तिथे साडेचारच्या वर दिसले पाहिजेत. त्याखाली असतील तर आणखी एक फीडर टाका. आणि पट्टीच्या बाजूच्या प्रत्येक सांध्याला, प्रत्येक तारेला बोट लावून बघा. जी गरम लागेल ती त्याच दिवशी बदला.