पोट बिघडलेलंच राहतं तेव्हा

कुत्र्याला एक-दोन दिवस जुलाब झाले आणि थांबले, तर रस्त्यावरचं काहीतरी तोंडात घातलं असेल म्हणून सोडून देता येतं. पण ३ आठवडे उलटले तरी शी कधी बरी, कधी पातळ असं चालूच असेल, तर दुखणं जुनाट झालं. अशा वेळी घरोघरी एकच प्रकार चालतो: सोमवारी दहीभात, बुधवारी नवं पाकिटातलं खाणं, शुक्रवारी शेजाऱ्यांनी सुचवलेली गोळी. मग काय बाधलं आणि काय लागू पडलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

आधी शी नीट बघावी. किळस वाटली तरी फोटो काढावा, डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं. दिवसातून दोन-तीनदाच पण भरपूर होतेय, वजन उतरतंय, रंग डांबरासारखा काळा आहे, तर संशय लहान आतड्यावर जातो. कुत्रा सारखा बसतो, कुंथतो, पडतं चमचाभरच, वर आव आणि क्वचित ताज्या रक्ताचा थेंब, वजन मात्र टिकून. हे मोठ्या आतड्याचं लक्षण.

शीची तपासणी एकदा स्वच्छ आली म्हणून निर्धास्त होऊ नये. जिआर्डिया हा परजीवी रोज शीतून पडतोच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे ३ नमुने द्यावेत. रक्तात बी-१२ तपासून घ्यावं. ते लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं. तिथेच दुखणं असेल तर बी-१२ घटतं, आणि भरून काढल्याशिवाय बाकीचे उपचारही नीट लागू पडत नाहीत. जर्मन शेफर्ड अधाशासारखा खाऊनही रोडावत असेल, तर स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडताहेत का, हेही पाहावं लागतं.

जंत नाहीत, बाकी काही सापडलं नाही, की पाळी येते आहाराची. बरीच कुत्री नुसत्या आहारबदलानं सुधारतात, आणि इथेच घोळ होतो. पोट बिघडलं की आपण ‘हलकं’ म्हणून चिकन-भात शिजवतो. पण चिकनच सोसत नसेल तर? म्हणून आजवर कधीच न खाल्लेलं प्रथिन निवडायचं, उदाहरणार्थ मासे. किंवा प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं खास खाणं डॉक्टरांकडून घ्यायचं. शरीराला ते तुकडे सहसा ओळखू येत नाहीत. नवं खाणं आठवडाभरात हळूहळू वाढवत न्यावं, थोडं थोडं तीन-चार वेळा द्यावं. पोट सुधारायचं असेल तर बहुधा पुढच्या दोनेक आठवड्यांत कळतं. तेवढे दिवस बाकी सगळं बंद: दूध-पोळी, ग्लुकोज बिस्कीट, चवीची जंताची गोळीसुद्धा. कुत्रा ऐकतो हो. आजोबांना पटवणं अवघड. घरचं शिजवलेलं कायमचं द्यायचं ठरलं तर कॅल्शियम वगैरे भरून काढायला डॉक्टरांचा सल्ला हवाच.

मोठ्या आतड्याच्या दुखण्यात उकडलेला लाल भोपळा, बिनमिठाचा, चमचाभर घालून पाहावा. त्यातल्या तंतूंवर आतड्यातले जिवाणू जगतात आणि त्यातून जी आम्लं तयार करतात, त्यांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. फोडणीची भाजी मात्र नको; कांदा-लसूण कुत्र्याला विषारी.

मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक परस्पर सुरू करू नये. शी दोन दिवसांत घट्ट झालेली दिसते, पण उपयोगी जिवाणूही मारले जातात आणि गोळी थांबली की दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. माणसांच्या जुलाबाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या तर देऊच नयेत. सतत उलट्या, सुस्ती, फिक्या किंवा चिकट हिरड्या, पिल्लाला रक्ताचे जुलाब, यांपैकी काहीही दिसलं तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पोट सावरलं की जुनं खाणं चारेक दिवस मुद्दाम देऊन बघतात. पुन्हा बिघडलं, तर दोष त्यातच होता. दोन-तीन आहार बदलूनही फरक नसेल, तर दुर्बिणीनं आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो.