‘फॅदम’ : अर्थ व उपयोग

इंग्रजी वाचनपाठात समुद्रप्रवासाचे वर्णन आले की ‘फॅदम’ हा शब्द पुष्कळदा आढळतो. ‘फॅदम म्हणजे सहा फूट’ एवढेच फळ्यावर लिहून दिले, तर विद्यार्थी ते पाठ करतो. परंतु पुढे तोच शब्द क्रियापद होऊन एखाद्याच्या मनाविषयी आला, म्हणजे त्याचा गोंधळ उडतो. याकरिता शिक्षकांनी या शब्दाचे मूळ ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘पसरलेले दोन्ही बाहू’ असा होता. मराठीतील ‘वाव’ हे माप नेमके हेच होय. चार हातांची एक वाव. हात दीड फुटाचा धरला तर वाव सहा फुटांचीच भरते. दोरी ओढताना माणूस दोन्ही हात फाकवून ती सहज मोजू शकतो. त्यामुळे हे माप खलाशांना सोयीचे वाटले.

पाण्याची खोली पाहण्यासाठी दोरीला शिशाचे वजन बांधून ती जहाजावरून सोडीत. दोन फॅदमांवर कातड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरे कापड, सातवर लाल कापड अशा खुणा असत. कापडांचा पोत निरनिराळा असल्यामुळे काळोखातही खूण हाताला कळे. वजनाच्या तळाशी खळगा करून त्यात चरबी भरीत. तिला चिकटून आलेल्या रेतीवरून किंवा शिंपल्यांवरून तळ कसा आहे हे समजे. या मोजणीत चूक झाल्यास जहाज रेतीत रुते किंवा खडकावर आपटे. सर्वांचे प्राण त्या दोरीवर अवलंबून असत.

अमेरिकेतील मिसिसिपी नदीत दोन फॅदम पाणी आगबोटींना सुरक्षित मानीत. तेवढी खोली लागली की ‘मार्क ट्वेन’, म्हणजे ‘खूण दोनची’, अशी आरोळी देत. त्या नदीवर आगबोट चालविलेले सॅम्युएल क्लेमेन्स (१८३५–१९१०) यांनी लेखनासाठी हेच नाव घेतले.

क्रियापद म्हणून या शब्दाचा अर्थ प्रथम ‘कवेत घेणे’, मग ‘खोली मोजणे’ आणि शेवटी ‘पूर्णपणे उमगणे’ असा होत गेला. मराठीतही पाण्याचा थांग लागतो, तसाच मनाचाही लागतो. ज्याचा तळ सापडत नाही ते अथांग. तेव्हा या क्रियापदाला ‘थांग लागणे’ हा प्रतिशब्द द्यावा.

पुढे ध्वनीच्या साहाय्याने खोली मोजण्याची रीत आली. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी परतला, तर जाण्यास एक व येण्यास एक सेकंद लागला. म्हणून खोली सुमारे १,५०० मीटर, अर्थात ८२० फॅदम. आता बहुतेक सागरी नकाशांत खोली मीटरमध्ये देतात. एक फॅदम म्हणजे १.८२८८ मीटर.

वर्गात एक लांब दोरी घेऊन ती प्रथम शिक्षकांनी व नंतर दोन-तीन विद्यार्थ्यांनी वावेने मोजावी. प्रत्येकाची संख्या निराळी येईल. ती का आली, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. त्यांच्या उत्तरातून ठरावीक मापाची गरज स्पष्ट होईल. त्यानंतर ‘मनाचा थांग लागत नाही’ हे वाक्य देऊन त्याचे इंग्रजी करवून घ्यावे.