दाढेतला खड्डा आणि विम्याची अट

आरोग्य विम्याचा हप्ता वर्षानुवर्षे भरणाऱ्या माणसाला दातांच्या दवाखान्यातले बिल हाती पडले की प्रश्न पडतो, 'हे विम्यात का बसत नाही?'

उत्तर पॉलिसीच्या रचनेतच आहे. आपल्याकडचा आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी असतो आणि साधारणपणे किमान २४ तास दाखल राहण्याची अट असते. कीड काढून दात भरायला अर्धा-पाऊण तास पुरतो, खाट लागतच नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये आणलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत आजार किंवा इजेमुळे कराव्या लागणाऱ्या दंतोपचारांचा उल्लेख आहे, पण तोही दाखल झालेल्या रुग्णाच्या खर्चात. म्हणून पॉलिसीत 'दंतोपचार समाविष्ट' असे दिसले, तरी त्याचा अर्थ दात भरण्याचे पैसे मिळतील असा होत नाही.

हे पैसे मिळण्याची शक्यता असते ती बाह्यरुग्ण म्हणजे 'ओपीडी' संरक्षण असलेल्या पॉलिसीत. काही कंपन्या ते जादा हप्ता घेऊन देतात, काही नोकरदारांना ते कार्यालयाच्या गट विम्यातून मिळते. त्याला वर्षाची ठरावीक मर्यादा असते. अनेकदा तपासणी फी, औषधे आणि दात या सगळ्यांचा खर्च त्याच रकमेतून जातो. त्यामुळे दातात काय भरायचे, याचा खिशाशी थेट संबंध येतो.

दात भरण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला चांदीचा, म्हणजे अमाल्गम. हा टिकाऊ आणि तुलनेने स्वस्त. पण त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली, तेव्हापासून अमाल्गम मागे पडत आहे. जुने चांदीचे फिलिंग चांगले असेल तर केवळ भीतीपोटी ते काढू नये, काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते. दुसरा प्रकार दाताच्या रंगाचा कंपोझिट. हा दाताला चिकटतो, निळ्या प्रकाशाने घट्ट होतो. वेळ आणि कौशल्य अधिक लागते, म्हणून महाग. तिसरा सिमेंटचा, म्हणजे ग्लास आयनोमर. यातून फ्लोराइड झिरपते. दुधाचे दात आणि हिरडीलगतचे खड्डे यांना तो उपयोगी, पण चावण्याच्या जागी लवकर झिजतो.

समोरच्या दाताला कंपोझिट भरले की विमा कंपनी तो खर्च 'सौंदर्योपचार' म्हणून नाकारू शकते. दात किडला म्हणून भरला असेल, तर बिलावर निदान, दात कोणता, काय भरले आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा. एक्स-रे जपून ठेवावा. प्रतीक्षा काळ किती आणि ठरलेल्याच दवाखान्यात जावे लागते का, हे उपचारापूर्वीच विचारावे.

अमेरिकेत दातांचा विमा वेगळा असतो. तिथल्या अनेक योजना दाढेला कंपोझिट भरले तरी अमाल्गमच्याच दराने पैसे देतात, वरचा फरक रुग्णाने भरायचा. मुलांकडे तिकडे जाणाऱ्या आईवडिलांनी लक्षात ठेवावे, की प्रवास विमा दातांच्या बाबतीत सहसा अचानक उठलेल्या दुखण्यापुरताच असतो. किडलेली दाढ निघण्याआधीच भरून घ्यावी.

सरकारी रुग्णालयात काम करताना मला जास्त खटकते ती वेगळीच गोष्ट. पैसे मिळत नाहीत म्हणून खड्डा तसाच राहतो. कीड नसेपर्यंत पोहोचते, मग रूट कॅनाल आणि कॅप. खर्च कितीतरी पट वाढतो आणि तोही सहसा खिशातूनच. त्यातून मधुमेह असेल तर जंतुसंसर्ग जबड्याखाली, मानेत उतरतो, तोंड उघडत नाही, श्वास अडतो. तेव्हा रुग्ण दाखल होतो आणि आता विमा बहुतेक वेळा लागू होतो. छोट्या खड्ड्याला न मिळालेले पैसे जिवावर बेतल्यावर मिळतात. ओपीडीतले दंतोपचार विम्यात यायला हवेत, असे मला वाटते ते यामुळेच.

तोवर थांबायचे कारण नाही. कामगार विमा योजना आणि केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या लाभार्थींना दंतोपचारांची सोय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत माफक दरात दात भरून मिळतात, जिल्हा रुग्णालयांतही दंतविभाग असतात. रांग असते, पण काम होते.

गोड किंवा गार लागताच दाढेत कळ येत असेल, तर ती वेळ लवंगतेलाचा बोळा ठेवून ढकलू नका. खड्डा लहान असतानाच तो भरणे सर्वांत स्वस्त, मग विमा असो वा नसो.