डिलिव्हरी चलनावरचे आमंत्रण

ऑनलाइन समुदाय म्हणजे समान गरजेपोटी इंटरनेटवर एकमेकांशी नियमित देवाणघेवाण करणारा लोकांचा समूह. असा समूह वाढवायचा म्हटले की पहिला विचार येतो तो फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरील जाहिरातीचा, कारण तेथे माणसे आधीच जमलेली असतात. परंतु कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत, जेथे पुणे-बंगळूर महामार्गालगत फाउंड्री, मशीन शॉप आणि त्यांना माल पुरवणारे व्यावसायिक एकमेकांच्या शेजारी वसलेले आहेत, तेथे ही सवय तपासून घेणे भाग पडते. कारण येथील उद्योजकाला जगभरचे प्रेक्षक नको असतात, तर बंद पडलेल्या इंडक्शन फर्नेसबद्दल आज संध्याकाळपर्यंत खात्रीचे काही सांगू शकणारी मोजकी माणसे हवी असतात.

कोल्हापूरचा अभियांत्रिकी उद्योग मुळातच एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाणाऱ्या कौशल्यावर वाढला. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने बनली आणि पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथे प्रामुख्याने वाहनांचे सुटे भाग तयार होऊ लागले, तरी पॅटर्न एकाने करायचा, कास्टिंग दुसऱ्याने ओतायचे आणि मशिनिंग तिसऱ्याकडे जॉबवर्कने, म्हणजे मजुरी ठरवून, द्यायचे ही साखळी कायम राहिली. या साखळीत रोज फिरणारी माणसे, म्हणजे टूल विकणारे, मशीन दुरुस्त करणारे, टेम्पोचालक आणि पॅटर्नवाले, हीच वसाहतीची खरी प्रसारमाध्यमे होत. शिरोली मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, कोल्हापूर, अर्थात ‘स्मॅक’सारखी संघटनाही आहेच. ज्या दुरुस्तीवाल्यावर वीस कारखान्यांचा विश्वास आहे, त्याने तोंडी दिलेले आमंत्रण कोणत्याही सशुल्क जाहिरातीपेक्षा वजनदार ठरते, कारण आमंत्रणाबरोबर तो स्वतःची पतही पुढे करत असतो.

समाजमाध्यमांवाचून समुदाय उभा राहतो, याचा पुरावा मराठीतच आहे. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ मध्ये अमेरिकेतून सुरू झाले, तेव्हा फेसबुक जन्मालाही आले नव्हते. फेसबुक निघाले २००४ मध्ये आणि सर्वांसाठी खुले झाले २००६ मध्ये. मायबोली जाहिरातीपेक्षा परतून येण्याच्या निमित्तांवर वाढली. ऑनलाइन गणेशोत्सव, दिवाळी अंक आणि पावसाळ्यात सभासदांनी प्रत्यक्ष भेटण्याचा ‘वर्षाविहार’ यांमुळे पडद्यावरच्या टोपणनावांना चेहरे मिळाले, आणि चेहरे मिळालेली माणसे सहसा गट सोडून जात नाहीत. शिरोलीत तर हे काम अर्धे झालेलेच आहे, कारण चेहरे आधीपासून ओळखीचे आहेत.

याउलट, संपूर्णपणे दुसऱ्याच्या मंचावर विसंबलेल्या समूहांचे काय होते, हेही दिसून आले आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये संपले, आणि जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी येताच ग्रामीण महाराष्ट्रातल्या अनेकांचा कष्टाने जमवलेला चाहतावर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. मंच जिवंत असला तरी त्याचे नियम बदलतात: जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले आणि पृष्ठे चालवणाऱ्यांचा मजकूर विनामूल्य फारसा पोहोचेनासा झाला. म्हणून सभासदांची नावे, दूरध्वनी आणि कामाचे स्वरूप यांची यादी, त्यांच्या संमतीने, चालकांनी स्वतःजवळ ठेवणे ही प्राथमिक दक्षता होय. संमतीचा मुद्दा गौण नाही. कोणी आपल्याला व्हॉट्सॲप गटात ओढावे हे ठरवण्याची सोय एप्रिल २०१९ मध्ये आली, ती न विचारता भरती करणाऱ्यांना लोक कंटाळले होते म्हणूनच.

समूहात लोक कधी येतात, याचे उत्तर पंचगंगा नदीच्या पुरात सापडते. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने कोल्हापूरशी असलेला मुख्य संपर्क अनेक दिवस तुटला आणि जुलै २०२१ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. अशा काळात कोणता रस्ता चालू आहे, कामगार कोठे अडकले आहेत, माल कोठे थांबला आहे, ही माहिती वेळेवर देणाऱ्या गटाला प्रचाराची गरजच उरत नाही. अडचण पाणी ओसरल्यावर सुरू होते: निकड संपली की गट शुभेच्छांच्या चित्रांनी भरतो आणि कामाची माणसे सूचना बंद करून ठेवतात. तेव्हा रोजच्या व्यवहारातली निकड शोधावी लागते, आणि ती वसाहतीत भरपूर आहे. रिकाम्या असलेल्या व्हीएमसी (व्हर्टिकल मशिनिंग सेंटर) यंत्राचे तास, फाउंड्रीच्या वाळूचा दर्जा, वीजबिलातील बदल किंवा थकलेली बिले, असे विषय कोणालाही परके नाहीत. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत असे २००६ चा कायदा सांगतो, पण वसुलीचा अर्ज प्रत्यक्षात कसा भरावा हे शेजारचा उद्योजकच नीट समजावतो.

आरंभी सभासदसंख्येच्या मागे लागणे हा सर्वांत सामान्य दोष होय. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ढोबळ नियमानुसार ऑनलाइन समूहात शंभरांतील नव्वद जण केवळ वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि बहुतेक मजकूर एकच जण लिहितो. यावरून पहिले पंधरा-वीस सभासद वाचणारे नव्हे तर उत्तर देणारे निवडावेत, हे उघड आहे. विचारलेल्या प्रश्नाला दोन तासांत कोणीतरी उत्तर देतो अशी ख्याती झाली की उरलेली वाढ तोंडोतोंडी होते.

आमंत्रणाची साधनेही वसाहतीतच आहेत. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला, आणि वाहनांचेच भाग ओतणाऱ्या शिरोलीत गटात येण्याचा असा कोड डिलिव्हरी चलनाच्या कोपऱ्यात छापला तर आमंत्रण बरोबर त्याच माणसाच्या हाती पडते ज्याला ते हवे असते. फेसबुक किंवा यूट्यूबचा उपयोग मग मर्यादित पण खरा उरतो: गटात सुटलेल्या एखाद्या तांत्रिक अडचणीची चित्रफीत तेथे ठेवली तर कागल किंवा सांगलीच्या फाउंड्रीवाल्यालाही ती शोधताना सापडते.

मात्र आमंत्रणातच एक अट स्पष्ट असावी, की गटात दर ठरवले जाणार नाहीत. एकाच ग्राहकाला माल देणारे स्पर्धक येथे एकत्र येतात, आणि स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ नुसार स्पर्धकांनी संगनमताने किंमत ठरवणे स्पर्धेला बाधक मानले जाते. चहाच्या टपरीवरचे बोलणे हवेत विरते, पण गटातला संदेश लेखी पुरावा म्हणून मागे राहतो. ही अट पहिल्याच संदेशात लिहिलेली असेल तर आपले दर फुटतील या भीतीने दूर राहणारा सावध उद्योजकही गटात यायला तयार होतो.